पहिला घास

बाजारहत्नूरच्या बयनाबाईंची छाती चार महिन्यांपासून जळत होती. सून जेवणात काहीतरी कालवते, हा संशय मनात घर करून होता. आपल्या ताटातला पहिला घास सुनेने आपल्यादेखत खावा, असा दंडक त्यांनी घातला. आज आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितले, "आजी, ही जळजळ बीपीच्या गोळीची आहे. गोळी बदलून देतो." घरी येऊन त्या पाटावर बसल्या. सुनेने ताट मांडले, सवयीने भाजीभाकरीचा घास उचलून अर्धा खाल्ला. बयनाबाईंनी तिचे मनगट धरले. सून दचकली. "काऊन आत्याबाई? माह्या खाण्यावरबी भरोसा नाही का?" "गोळीनं जळत होतं," एवढेच त्या म्हणाल्या. 'चुकले' म्हणायला जीभ उचलेना. जन्मात कुणाच्या उष्ट्याला न शिवलेल्या बयनाबाईंनी तिच्या हातातला उरलेला घास तोंडात घेतला. सून उठली. "उद्यापासून तुमचं ताट तुमीच वाढून घेत जा."