माळ कुणाला घालायची

"आत्ताच कळलं! माझा तर विश्वासच बसत नाहीये!" भल्यामोठ्या पडद्यावरचा माणूस म्हणाला. अंगात आंघोळीनंतरचा झगा, मांडीवर कुत्रं, मागे पोहण्याचा तलाव. "सर्वोत्कृष्ट परदेशी गायक म्हणून तुम्ही मला निवडलंत. लंडन, आज मी तुमच्यात असायला हवा होतो..."

"बंद कर! अरे, बंद कर ते!" खालून कुणीतरी ओरडलं.

आवाज नीट येतोय का, एवढंच तपासायचं होतं. तपासणाऱ्याने नमुन्याची फीत सोडून खरीच लावली. पडदा काळा झाला. आवाज मात्र अगदी नीट येत होता.

सोहळा संध्याकाळी होता, ही दुपारची तालीम. रिकाम्या सभागृहात तिसऱ्या रांगेत फेटू लेआवासा बसला होता. त्या पुरस्कारासाठी पाच परदेशी गायकांची नावं निवडली होती. ऑकलंडचा फेटू त्यांतला एक, आणि प्रत्यक्ष आलेला तो एकटाच. शेजारी त्याची आई मसीना, मांडीवर चॉकलेटांची माळ घेऊन. पारदर्शक कागदात गुंडाळलेलं एकेक चॉकलेट, दोहोंमध्ये लाल फितीची गाठ. अख्खा विमानप्रवास तिने त्या गाठी मारण्यात घालवला होता. त्यांच्या मूळच्या सामोआ बेटांवरच्या लोकांत पोराला नुसतं शाळेतल्या हजेरीचं बक्षीस मिळालं, तरी आई-मावश्या धावत मंचावर जातात आणि त्याचे कान झाकेपर्यंत माळा घालतात. इथल्या मंचाच्या पायऱ्या आपल्या गुडघ्यांना झेपतील ना, हे मसीनाने आल्या आल्या चढून पाहिलं होतं.

"म्हणजे तो जिंकला?" तिने विचारलं.

"हो, आई."

"पण अजून दिलंय कुठे कुणाला?"

समोरून डेस्मंड पाइक लगबगीने येत होता. रेकॉर्ड कंपनीचा हा लंडनचा माणूस. फेटूही त्याच्याच कंपनीचा आणि पडद्यावरचा तो अमेरिकन मर्लोही. या मायलेकांची तिकिटं डेसनेच पाठवली होती.

"तुला माहीत होतं," फेटू म्हणाला.

"हे बघ, आमच्याकडे निकाल अगदी गुप्त असतो."

"त्याच्या कुत्र्याला माहीत होता, डेस!"

डेसने घाम पुसला. "अरे, या पुरस्काराचा इतिहासच तसा आहे. त्या आठवड्यात इथे मैफल असली, तर माणूस यायचा. एरवी कुणी गाडीतून दोन शब्द पाठवतो, कुणी हॉटेलातून. एकाने तर भलत्याच सोहळ्याचे आभार मानले होते. मग वर कोण जातं? मी. 'त्याला यायची फार इच्छा होती हो!' आता तर आमच्या घरी कुणी जेवायला आलं नाही की बायको हेच वाक्य म्हणते."

"बरं. पुढच्या वर्षी बघू."

"पुढचं वर्ष नाहीये, फेटू. आता बायका-पुरुष सगळे एकाच पुरस्कारात. नुसत्या परदेशी पुरुषांचा हा शेवटचा." डेस जरा जवळ सरकला. "म्हणून म्हणत होतो, शेवटच्या वेळी तरी लोकांना माझं तोंड कशाला दाखवायचं? मर्लोच्या वतीने तू घे. सूट आणलाच आहेस."

डेसच्या हिशेबात कुणाचं काही जात नव्हतं. मर्लोला पुरस्कार, फेटूला मंच, आणि त्याला स्वतःला एकदाची बसायला खुर्ची.

"तिकिटं यासाठी पाठवलीस?"

डेसने बुटांकडे पाहिलं. "यासाठीसुद्धा."

"काय म्हणतोय तो?" मसीनाने विचारलं.

"वर जाऊन घ्यायचं, आई. दुसऱ्याचं."

ती माळेकडे बघत राहिली. "आणि मी माळ कुणाला घालायची?"

"परदेशी गायक! मंचावर या!" तालीम घेणाऱ्या बाईंनी हाक दिली.

फेटू उठला आणि ताडताड पायऱ्या चढून गेला. तालमीत खरा पुरस्कार काढत नाहीत, त्याच्या जागी काळी पट्टी गुंडाळलेली पाण्याची बाटली असते. एका मुलीने हसून ती त्याच्या हातात दिली. तो माइकसमोर उभा राहिला.

"मर्लोला यायची..." तो म्हणाला आणि थांबला.

"फार इच्छा होती," डेसने खालून पुरवलं.

फेटूने झाकण फिरवलं, बाटली तोंडाला लावली आणि उभ्या उभ्या सगळं पाणी पिऊन टाकलं. रिकामी बाटली त्या मुलीच्या हातात दिली.

"अहो, संध्याकाळी हे असलं चालणार नाही!" बाई ओरडल्या.

"संध्याकाळी मी नाहीये."

तो खाली आला आणि आईपुढे मान वाकवून उभा राहिला. "घाल."

"कशाबद्दल?" मसीना म्हणाली. "पाणी प्यायलास म्हणून?"

तो तसाच वाकून होता. तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला, मग फितीची पहिली गाठ दातांनी सोडवली. एक चॉकलेट त्याला दिलं. दिवे टांगणाऱ्यांना दिली, बाटलीवाल्या मुलीला दिलं, ओरडणाऱ्या बाईंनाही दिलं. माळ संपत आली तेव्हा ती डेसपुढे येऊन थांबली.

"नको, मिसेस लेआवासा. मला साखर आहे."

तिने त्याच्या तळहातावर चॉकलेट ठेवलं आणि बोटं एकेक करून मिटली.

"घ्या हो. मर्लोच्या वतीनं."