साहेबांचा नारळ
तलावातला गाळ काढायचा ठराव पाणी सोसायटीनं तीन उन्हाळ्यांमागं केला. मुहूर्ताचा नारळही तेव्हाच आणला. पण तो फोडायला साहेबांची तारीख मिळेना. "तारीख येऊ द्या, मग लागतोच की कामाला," बाप्ये पारावर बसून म्हणत. आज टँकरही आला नाही. जगदेवी रिकामी घागर टाकून सोसायटीत शिरली, फळीवरचा नारळ आणि कोपऱ्यातली कुदळ उचलून कोरड्या तलावात उतरली. सगळा पार मागं धावला. "वहिनी, साहेबांचा नारळ हाय तो!" चेअरमन रुद्रप्पा ओरडला. तिनं तो धोंड्यावर आपटला. आत थेंबभर पाणी नव्हतं, नुसता वाळका गोटा. "बघा, साहेबाची वाट बघून ह्याचंबी पाणी आटलं." खोबऱ्याचे तुकडे तिनं एकेकाच्या हातावर ठेवले. प्रसाद नाकारतंय कोण? रुद्रप्पा चघळत असतानाच तिनं कुदळ पुढं केली. "नारळ फुटला, भाऊजी. लागा कामाला."