धप्पा

रिसोडहून परतलेल्या बाबाच्या मोटरसायकलचा आवाज आला, की साधना धाकट्या अंकुरला ओढत सोयाबीनच्या पोत्यांमागे न्यायची. "लपाछपी हाय. बाबावर राज्य. आवाज केला का आऊट."

अंकुरला हा खेळ आवडायचा, कारण तो कधीच सापडत नसे. दर वेळी आईच सापडायची.

आज बाबानं आईला केसांना धरून भिंतीवर आपटलं. ती पाट्याजवळ कोसळली, कपाळातून रक्त वाहू लागलं. अंकुरनं ताईच्या कानात विचारलं, "आईले कसं सोडवाचं?"

"मांगून धप्पा देल्ला का सारे सुटतात," साधना बोलून गेली.

ती हात धरणार तोच तो निसटला. पट्टा उगारून उभ्या असलेल्या बाबाच्या पाठीवर त्यानं सगळा जोर लावून थाप मारली. "धप्पा. आई सुटली."

बाबा वळला. पट्टा अंकुरच्या तोंडावर बसला, ओठ फाटला. दुसऱ्यांदा पट्टा वर गेला, तेव्हा बाबाची पाठ आईकडे होती आणि आईच्या हाताशी वरवंटा.

पोत्यांमागून आजवर बाबाला ऐकू जाईल असा चकार शब्द न काढलेली साधना मोठ्यानं म्हणाली, "आई, धप्पा दे."