धुक्यातलं हरीण

"एकच गोळी?" रेनोने विचारलं.

"तुला एक पुरते," आई म्हणाली आणि कॉफीची किटली परत शेगडीवर ठेवली.

रेनो हसला. आईचं, इल्मी कोस्केलाचं, बोलणं पहिल्यापासून असंच, खरखरीत. टेबलावर बापाची रायफल आडवी ठेवली होती. तिला हात लावायची मोकळीक कोर्टाने त्याला नुकतीच परत दिली होती, आणि तरीही हात पुढे करायला त्याला धीर होत नव्हता.

याच रायफलने त्याने धाकट्या भावाला, अर्नीला मारलं होतं. हरीण समजून. धुकं होतं, अर्नीच्या अंगात तपकिरी कोट होता आणि वरून भडक नारिंगी जाकीट घालायचं तो विसरला होता. शिकारीच्या मोसमात त्या रानात नारिंगीशिवाय पाऊल टाकणं म्हणजे मरणाला आवतण. ज्यूरीला ते पटलं. आदल्या संध्याकाळी सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, दोघा भावांची बापाच्या रानावरून जुंपली होती, हे फक्त आईला ठाऊक होतं, आणि तिला कुणी विचारलं नाही. शिक्षा लहानच झाली. हरणाची गोष्ट रेनोने इतक्यांदा सांगितली की पुढे पुढे त्यालाच ते दिसायला लागलं, शिंगांसकट.

कोर्टाची अट होती: सुटल्यावर बंदुकीला हात लावायचा नाही, आणि ज्या घरात बंदूक त्या घरात राहायचंही नाही. आईने रायफल विकली असती तर तो तिच्याजवळ राहिला असता. तिने विकली नाही. तो तळ्याकाठी ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात, एकटा म्हातारा होत गेला. नोव्हेंबरात मोसम उघडला की गावातले झाडून सगळे पुरुष रानात, शाळासुद्धा बंद. आणि रेनो चर्चच्या स्वयंपाकघरात बायकांबरोबर पेस्टीच्या, म्हणजे मांसाच्या भाजक्या करंज्यांच्या, सारणासाठी कांदे चिरत बसलेला. "काय रेनो, गलोल तरी आणू का तुला?" परतणारे विचारत. तो हसून घेई. डोळ्यांतलं पाणी कांद्यावर ढकलता येई, तेवढीच सोय.

यंदा त्याने ती बंदी उठवावी म्हणून अर्ज केला. न्यायाधीशांनी आईलाच पुढे बोलावलं. मेलेला तिचा, मारणारा तिचा. हरकत असली तर तिचीच असणार. आई काठी टेकत उभी राहिली. "त्याची बंदूक त्याला द्या," ती म्हणाली. "मी आहे तोवर द्या."

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. रेनो तर बाकावर ओक्साबोक्शी रडला. आईने माफ केलं होतं. त्याला बंदूक हवी होती ती खरं तर एवढ्यासाठीच.

पण मोसम उघडला त्या सकाळी तिने रायफल काही बाहेर काढली नाही. आभाळ लख्ख होतं. "आज नको. धुकं पडू दे."

"धुक्यात काय दिसणार, आई?"

"धुक्यातच जा. आणि ओढ्यावरच्या जुन्या मचाणावरच बस."

रेनो समजला. अर्नीवर गोळी सुटली ती त्याच मचाणावरून. काटा रुतला तिथूनच तो काढायचा, असं म्हातारीच्या मनात असणार. त्याला तिच्याबद्दल माया वाटली.

आज धुकं पडलं होतं. त्याने कॉफी संपवली, गोळी खिशात टाकली आणि रायफल उचलली.

"रायफलवरच्या दुर्बिणीची काच पुसून ठेवलीय मी," आई मागून म्हणाली.

मचाण घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. रेनो वर चढून बसला, गोळी भरली. हळूहळू उजाडलं, पण उजाडूनही काही उघडलं नाही. पाखरू बोलत नव्हतं. ओढ्याचं पाणीसुद्धा बर्फाखालून चोरपावलांनी चाललं होतं. मग वळणावरच्या देवदारांमागे काहीतरी हललं.

तपकिरी. वाकलेलं. दोन पावलं चाले, थांबे.

हरीण. तेच, तिथेच, तसंच. त्याने रायफल खांद्याला लावली आणि डोळा दुर्बिणीला.

काचेत एक कोट होता. तपकिरी जाड कापडाचा, एक खिसा फाटून लोंबणारा. छातीवर डाव्या बाजूला एक भोक होतं, आणि कुणीतरी ते काळ्या दोऱ्याने शिवलं होतं. एवढ्या धुक्यात त्याला टाके दिसत होते. त्या कोटाच्या आत मान खाली घालून कुणीतरी त्याच्याकडे चालत येत होतं.

"अर्नी!" रेनो किंचाळला. रायफल हातातून निसटून मचाणाच्या फळीवर आदळली. "अर्नी, थांब!"

कोट थांबला. मग काठी टेकत टेकत मचाणाखाली आला, आणि त्यातून आईने तोंड वर केलं.

"धुकं त्या दिवसाइतकंच आहे, रेनो," ती म्हणाली. "आणि तू नावाने हाक मारलीस."