हात वर केलेली मूर्ती

ब्वामी या जाणत्या वडीलधाऱ्यांच्या मंडळाची दीक्षा देताना इटोंग्वा हात वर केलेली हस्तिदंती मूर्ती नाचवत बजावायचा, "भांडण थांबवायला असा हात वर करतो, तोच मोठा!" धाकट्या भावाशी मात्र शिकारीतल्या रानडुकराच्या मांडीच्या वाट्यावरून धरलेला अबोला त्याने कधीच सोडला नाही. धाकटा गेला, तेव्हा थडग्यावर ठेवलेली त्याची तशीच मूर्ती रिवाजाप्रमाणे थोरल्याला उचलावी लागली. तिचा वर केलेला हात खांद्यापाशीच संपला होता. "मोडलात ना? एक वस्तू धड सांभाळता आली नाही!" तो भावजयीवर खेकसला. "मोडला नाही, दादा, खरवडला. तुम्ही तापाने फणफणायचात, तेव्हा उतारा म्हणून त्याचीच पूड औषधात कालवून हे तुम्हाला पाठवायचे. म्हणायचे, माझं नाव सांगू नका, दादा थुंकून टाकेल." इटोंग्वाने झोळीतली स्वतःची मूर्ती काढली. तिच्या वर केलेल्या हातावर साधा ओरखडाही नव्हता.