ओटा नको

"आत ओटा दिसला तर मी उंबरा ओलांडणार नाही," बाईंनी दारातच सांगून टाकलं.

घरमालकीण कुलपाशी झटापट करत होती. तिने वळून आधी बाईंकडे पाहिलं, मग त्यांच्यामागे दोन्ही बॅगा धरून उभ्या असलेल्या चष्मेवाल्यांकडे. "अहो काकू, ओटा तर या घराचं वैभव! लग्नासाठी घर हवंय ना? मग चहापाणी आलंच. कुणाचं आहे लग्न? मुलीचं?"

"आमचंच," चष्मेवाले म्हणाले. "उद्या सकाळी, तळ्यापलीकडच्या नोंदणी कचेरीत. पळून आलोय."

"पळून?"

"गुडघे पळू देईनात, म्हणून बसने."

घरमालकीण जी हसत सुटली ती दार उघडेपर्यंत हसतच होती.

समोरची अख्खी भिंत काचेची होती. बाहेर तळं, तळ्यामागे डोंगर आणि पाण्यात तोच डोंगर उलटा. बाईंनी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. गप्प बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. इथे मात्र त्या दाराची चौकट धरून नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांची नजर डावीकडे वळली. चार बर्नरची शेगडी, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने टांगलेली पातेली, आरशासारखा लख्ख ओटा. त्यांचा चेहरा पडला.

"सकाळी पाहिलेलं हॉटेलच बरं."

"त्याच्या खिडकीतून गोदामाची भिंत दिसते, बाई. जन्मभर लोकांना लांबचं दिसावं म्हणून धडपडलो आणि स्वतःच्या लग्नात भिंत बघू?" चष्मेवाल्यांनी उसासा सोडला. "पण तुम्ही म्हणाल ते."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. मुलाचा होता. आई मैत्रिणीकडे गेली आहे, अशी घरी सगळ्यांची समजूत होती.

"आई, कुकरची शिट्टी सापडत नाहीये."

"वरच्या फळीवर, साखरेच्या डब्यामागे," बाईंच्या तोंडून निघूनही गेलं. मग कणीक, मग नातवाचा डबा, मग पुन्हा शिट्टी. फोन ठेवला तेव्हा त्या उंबऱ्याच्या आत, थेट ओट्यापाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात फडकं होतं. आधीच स्वच्छ असलेला ओटा त्या पुसत होत्या.

त्यांनी विस्तव टाकावा तसं फडकं टाकलं.

"बघितलंत? गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो ना, तसं आहे हे. मेंदूला विचारायचं कामच नाही. किती वर्गांना शिकवलं मी! उद्या लग्न झालं की परवापासून मी इथेच उभी. मग पळून आले कशाला? नुसता ओटा बदलायला?"

चष्मेवाल्यांनी बॅगा खाली ठेवल्या. डाव्या अंगठ्यावरची चिकटपट्टी उगाचच दाबून बसवली.

"एक सांगायचं राहिलं, बाई. हे दुकानातल्या काचेने कापलेलं नाही."

"मग?"

"कांदा चिरताना कापलं. दुकान बंद केलं की मागच्या खोलीत शिकतो. भात जमतो. भाजी कधी जमते, कधी मांजरसुद्धा हुंगत नाही. चहा येतो." ते थांबले. "तुम्हाला करून घालावं म्हणून असं घर शोधत होतो. ओटा मला हवाय."

घरमालकिणीला एकाएकी आठवलं, की बाहेरच्या कुंड्यांना पाणी घालायचं आहे.

बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि त्यांचा अंगठा हातात घेऊन निरखला. "आणि मला इतके दिवस काच लागली, काच लागली!"

"नवऱ्यामुलाने आधीच सगळं सांगू नये."

"लबाड!" बाईंनी अंगठा सोडला नव्हता. "तुमच्याबद्दल शंका नाही हो मला. माझी मलाच खात्री नाही." मग वर्गात प्रयोग मांडताना वापरत असतील त्या आवाजात म्हणाल्या, "असं करू. तुम्ही चहा टाका, मी बाहेर बसते. चहा हातात येईपर्यंत उठले नाही, तर हे घर. उठले, तर भिंत."

"आणि चहा बिघडला तर?"

"तो बिघडणारच आहे."

काचेच्या भिंतीबाहेर, लाकडी फळ्यांच्या ओसरीवर एक हलकी वेताची खुर्ची होती. बाईंनी ती दाराकडे तोंड करून ठेवली आणि बसल्या. आत नळ सुटला. कपाटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग झाकण पडलं आणि निजायच्या आधी स्वतःभोवती बराच वेळ गरगरत राहिलं. बाईंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. मग फस्स असा आवाज आला आणि करपलेल्या दुधाचा वास.

बाईंचा उजवा पाय उचलला गेला.

"बाई, साखर कुठे असेल हो?"

खिडकीजवळ, निळ्या बरणीत. ओटा पुसताना त्यांनी पाहिली होती. उत्तर जिभेवर येऊन उभं राहिलं. बाईंनी ते गिळलं.

"शोधा!" त्या ओरडल्या. "चष्मेवाले ना तुम्ही?"

आत खळखळून हसणं आणि त्यापाठोपाठ आणखी काहीतरी पडल्याचा आवाज.

बाईंनी उचललेला पाय सावकाश खाली टेकवला. त्याच पायाने फळी रेटत, बसल्या जागेवरून न उठता, थोडी थोडी करत त्यांनी खुर्ची फिरवली. दाराकडे पाठ झाली. समोर तळं आलं.