मुरलेली टाळी

आंधळ्याला काय दिसतंय, म्हणून आयुष्यभर लोक त्याला रिकामं सभागृह भरलेलं आहे असं सांगत आले. पण व्हायोलिन उचलण्याआधी तो एक टाळी वाजवायचा. रिकाम्या खुर्च्यांवरून टाळी खणकन परत येते. माणसं असली की त्यांच्यात मुरून जाते.

आज संयोजक उलटंच म्हणाला, "चिटपाखरूही आलेलं नाही, मास्तर. कार्यक्रम रद्द करू या."

त्याने टाळी वाजवली. ती मुरली. सभागृह खच्चून भरलं होतं.

"आता ही नवी थाप!" तो भडकला. "माझ्या जागी कुणाला बसवायचंय ते सरळ सांगा की!"

"अहो, खरंच कुणी नाहीये," शेजारून बायको म्हणाली. ती त्याच्याशी कधीच खोटं बोलली नव्हती.

"मग खाली उतर आणि बोलत बोलत पार मागच्या भिंतीपर्यंत जा."

ती उतरली. "ही रांग रिकामी... हीसुद्धा... अहो, सगळंच रिकामं..."

तिचा आवाज घुमत नव्हता. गर्दीत शिरणाऱ्या माणसाचा दबतो, तसा तो पावलागणिक दबत चालला होता.

"परत ये!" तो ओरडला. "अगं, ऐकतेस ना? परत ये!"

पुढच्या रांगेतून कुणीतरी वैतागून म्हणालं, "श्श!"